सावरगावकरांची पाटी

ही गोष्ट मी मीठमसाला न लावता सांगणार आहे. तो लावायची गरजच नाही.

ज्यांच्यासोबत घडली ते माझे सख्खे मामा, रामकिसन. आज वय पंचाहत्तर. दारूचा थेंब नाही, डोकं ठिकाणावर, आणि कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की त्याला तोंडावर वेड्यात काढणारा माणूस. पण ही एक गोष्ट विचारली की मामा उठून आत जातात. मला त्यांनी ती एकदाच पूर्ण सांगितली, तीही मामी घरात नसताना.

तारीख २२ मे १९९६. वार बुधवार. गाव आपलंच, तेव्हाचं औरंगाबाद.

आणि वेळ रात्रीची नव्हती बरं का...

भर दुपारची होती. पावणेदोनची.

मामांचं दुकान गुलमंडीच्या मागच्या बोळात. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभंच राहायचं. काम दोन प्रकारचं. लग्नसराईत स्टीलच्या भांड्यांवर मशीननं नावं टाकायची आणि एरवी हातानं पितळी पाट्या खोदायच्या. भांड्यांवर मामांचं घर चालायचं, पण जीव होता तो पाट्यांवर.

पाटीचं काम बघायला सोपं वाटतं. आधी छिन्नीनं अक्षरं खोल खोदायची. मग अख्ख्या पाटीला काळा रंग देऊन ती दोन दिवस पत्र्यावर उन्हात टाकायची. काळा कडक वाळला की अक्षरांत पांढरा रंग भरायचा. तो जरा आळला की लाकडाच्या ठोकळ्याला फडकं गुंडाळायचं, टर्पेंटाइनचं नुसतं बोट लावायचं आणि वरून एकदाच पुसायचं. काळ्यावरचा पांढरा निघून जातो, अक्षरांतला तेवढा राहतो. घाई केली तर फडकं अक्षरातला रंगही ओढून घेतं. उशीर केला तर रंग पुसलाच जात नाही. ती वेळ मामांच्या हाताला कळायची. मामांची पाटी वीस वर्षं उन्हापावसात राहिली तरी अक्षर पांढरं ते पांढरंच, असं सगळी गुलमंडी सांगायची. आणि मामाही सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

त्या वर्षी मार्चमध्ये व्यंकटराव सावरगावकर नावाचे गृहस्थ दुकानात आले.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा. पस्तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत आणि सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्यांनी पुंडलिकनगरात रो-हाऊस घेतलं होतं. बावीस घरं एका ओळीत आणि मागच्या गल्लीत तशीच आणखी बावीस. सगळ्यांना तोच पिवळा रंग, तेच लोखंडी गेट. सावरगावकरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. आपण दोनदा शेजाऱ्यांच्या घरात शिरलो आणि एकदा तर त्यांच्या खुर्चीत बसून पाणी मागितलं, असं ते स्वतःच हसत सांगत होते.

म्हणून त्यांना पाटी हवी होती. काळ्यावर पांढरी, गेटपासून दिसेल अशी. अक्षरं मात्र इतकी खोल की नजरेनं दगा दिला तर बोट फिरवून वाचता यावीत. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होती, त्याच्या आधी द्या म्हणाले.

मामांनी देतो म्हणून सांगितलं आणि पितळेचा पत्रा कापून ठेवला. तो तिथंच राहिला.

लग्नसराई दणक्यात होती. रोज हंडे, पातेली, ताटं पोत्यांनी येत होती. लग्नाची तारीख पुढं ढकलता येत नाही, पाटीची ढकलता येते, हा आपल्याकडच्या सगळ्याच कारागिरांचा हिशोब असतो. सावरगावकर सिटी बसनं आणि उरलेलं पायी यायचे, आणि मामा मान वर न करता सांगायचे, उद्या या साहेब, उद्या नक्की.

अक्षय्य तृतीया गेली. वास्तुशांत बिनपाटीची झाली. असे चार हेलपाटे झाले.

पाचव्यांदा ते आले तो शुक्रवार होता, १० मे. ऊन असं की बोळातली कुत्री गटारात बसलेली. सावरगावकर आत येऊन बसले, दोन ग्लास पाणी प्यायले. मग त्यांनी तो कोरा पितळेचा पत्रा मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून बोट फिरवलं.

"रामकिसन, यावर अजून काहीच नाही हो," ते म्हणाले.

मामांनी लग्नसराईचं कारण दिलं.

"मला माझ्या दारावर माझं नाव वाचायचंय. एवढंच काम राहिलंय माझं."

"उद्या या साहेब. उद्या नक्की देतो."

ते उठले आणि उन्हात निघून गेले. मामांनी पुढचं पातेलं ओढलं.

पुढं तीन दिवस ते आले नाहीत. खरं सांगायचं तर मामांना बरंच वाटलं. कटकट टळली.

मंगळवारी दुपारी पावणेदोनला बोळात चिटपाखरू नव्हतं. मामा डोळ्याला भिंग लावून ताटावर कुणा नवरीचं नाव घालत होते. दारातला उजेड जरा कमी झाला...

"झाली का?"

आवाज सावरगावकरांचा. मामांनी मान वर केली नाही. नेहमीचं उत्तर दिलं, उद्या या म्हणून.

पुढं काहीच ऐकू आलं नाही. चपलांचा आवाज नाही, खोकला नाही, पाणी मागणं नाही. मामांनी बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

बुधवारी पुन्हा पावणेदोनला तेच. "झाली का?"

गुरुवारी पुन्हा.

या दोन दिवशी मामांनी मान वर केली, पण ते पायरीच्या बाहेरच उभे राहिले. मागून उन्हाचा लखलखाट, त्यात माणसाचा नुसता आकार दिसायचा. मामांनी आत या म्हटलं तरी आले नाहीत, आणि पाण्याचा ग्लास पुढं केला तर घेतला नाही. साहेब रागावले, असं मामांना वाटलं आणि राग त्यांनाही आला. एवढं काय, एका पाटीसाठी दारात येऊन रोज छळायचं? पण त्याच संध्याकाळी त्यांनी भांडी बाजूला सारली आणि खोदायला बसले. रागाच्या भरात त्यांनी एका बैठकीत अख्खं नाव खोदलं.

व्यंकटराव केशवराव सावरगावकर.

मामा म्हणतात, तसं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. अक्षरांत बोट ठेवलं तर काठ लागायचा इतकी खोल.

शुक्रवारी काळा रंग दिला. दोन दिवस वाळवला. सोमवारी पांढरा भरला, वेळ बघून पुसला आणि पाटी उभी करून ठेवली. सुरेख दिसत होती. दुपारी सावरगावकर पायरीशी आले तेव्हा मामांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, झाली साहेब, उद्या वाळली की घेऊन जा.

मंगळवारी सकाळी शटर उघडलं...

अक्षरं रिकामी होती.

रंग पुसला गेलेला नव्हता. फडकं फिरलं असतं तर काळ्यावर पांढरे ओरखडे आले असते. काळा रंग जसाच्या तसा, आरशासारखा. अक्षरांच्या तळाशी पितळ चमकत होतं. खाली वर्तमानपत्रावर रंगाची एक कपचीसुद्धा पडलेली नव्हती. अक्षरांतला रंग निघून कुठं गेला याचा पत्ताच नाही.

मामा चिडले. रंग जुना असेल म्हणून नवीन डबा फोडला. अक्षरांत तेलाचा अंश राहिला असेल म्हणून रॉकेलनं, मग साबणानं, मग चिंचेनं एकेक काना, एकेक वेलांटी धुतली. पुन्हा रंग भरला. रात्री कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

बुधवारी सकाळी अक्षरं पुन्हा रिकामी.

तीस वर्षांच्या हाताला एक पाटी जुमानत नाही म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते कारागिरालाच कळेल. मामांनी ब्रश भिंतीवर फेकून मारला. शेजारच्या कासाराला विनाकारण शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा रंग भरला, पुसला आणि पाटी समोर घेऊन बसले. ठरवलं, आता डोळा हलवायचा नाही.

बारा वाजले, एक वाजला. रंग जागेवर होता.

पावणेदोनला दारातला उजेड कमी झाला...

"झाली का?"

मामांनी क्षणभर वर पाहिलं. क्षणभरच. खाली पाहिलं तर अक्षरं रिकामी. दारात कुणी नाही.

तुम्हाला वाटेल मामा तिथंच घाबरले. नाही. ते भयंकर वैतागले. साहेबाच्या घरी जातो, त्याच्या डोळ्यांसमोर रंग भरतो आणि पाटी ठोकून मोकळा होतो, असं म्हणून त्यांनी पाटी, रंगाचा डबा, ब्रश, स्क्रू सगळं पिशवीत कोंबलं, शटर ओढलं आणि लुनावर बसून पुंडलिकनगर गाठलं.

गल्लीत शिरले आणि त्यांनाच घर कळेना. सगळी घरं पिवळी, सगळी गेटं सारखी. दुपारची झोप, दारं बंद. मामा एकेका दारावरची पाटी वाचत निघाले. तिसऱ्या घरापाशी थांबले.

त्या पाटीवर बोटाचा माग होता. पांढरा.

नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुणीतरी एक बोट हळूहळू फिरवलं होतं. रंग वाळलेला. पुढच्या घराच्या पाटीवरही तसाच. त्याच्या पुढच्याही. मामांनी नखानं खरवडून पाहिला. स्वतःचा रंग त्यांना ओळखू येणार नाही होय?

तेव्हा मात्र मामांच्या पाठीला घाम फुटला.

ओळीत एकच दार बिनपाटीचं होतं. मामांनी बेल दाबली. दार उघडलं ते सावरगावकरांच्या मुलानं, हेमचंद्रनं. तिशीतला माणूस. डोकं मुंडलेलं.

मामांनी पिशवीतली पाटी दाखवली. तो पाटीकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "आता आणलीत?"

दहा तारखेला वडील मामांच्या दुकानातून परत निघाले. बसमधून नीट उतरले. पण घर सापडलं नाही. मागच्या गल्लीत शिरले आणि त्रेचाळीस डिग्रीत दारोदार पाट्या चाचपत फिरले. तास दीड तासानं कुणीतरी त्यांना एका ओट्यावर पडलेलं पाहिलं. शनिवारी पहाटे दवाखान्यातच वारले. उद्या तेरावा होता.

मामांच्या तोंडून निघून गेलं, "पण आज दुपारी तर ते माझ्या दुकानावर..."

हेमचंद्रचा चेहरा लाल झाला. पण त्याच्या मागं त्याची आई येऊन उभी राहिली होती, भानुमतीबाई. त्यांना नवल वाटलं नाही.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"झाली का म्हणून विचारलं, काकू. रोज तेवढंच विचारतात."

भानुमतीबाईंनी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं ते असं. बारा दिवसांपासून दुपारी या ओळीतल्या सगळ्या घरांच्या बेल वाजतात. एकामागून एक. लोक दार उघडतात, बाहेर कुणी नसतं. शेजारणी रोज येऊन तक्रार करतात.

"आमचीच बेल तेवढी वाजत नाही," त्या म्हणाल्या. "पाटी लावा, रामकिसनभाऊ."

हेमचंद्र आडवा आला. गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी दाराला लावतात का कुठं, तेही उद्या तेरावा असताना? त्याचं चुकत नव्हतं. पण आईपुढं त्याचं काही चाललं नाही.

मामांनी दारातच बैठक मारली आणि चौथ्यांदा रंग भरला. वेळ आली तशी पुसली. अक्षरं काळ्यावर पांढरीशुभ्र उठली. अर्धा तास बसले, तासभर बसले. रंग हलला नाही. चार स्क्रू मारून पाटी दाराशेजारी बसवली. भानुमतीबाईंनी पदरानं धूळ पुसली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला दुकानाच्या पायरीशी कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मामांना वाटलं, सुटलो.

दहा-बारा दिवसांनी हेमचंद्र दुकानात आला. डोक्यावर नुकते केस येत होते, डोळे खोल गेलेले. बसला नाही.

"काका, ती पाटी काढा."

त्यानं सांगितलं. तेराव्याची पंगत बसली होती, पावणेदोन वाजले होते. बेल वाजली, एकदाच, त्यांच्याच घराची. आईनं जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. आईनं दार पूर्ण उघडून धरलं, जरा वेळानं लावलं आणि येऊन एक ताट जास्त वाढलं.

तेव्हापासून ती रोज एक ताट जास्त वाढते. वेताची खुर्ची बसल्यासारखी करकरते. आई दुपारभर हळू आवाजात बोलत असते, मधेच थांबते, ऐकते, हसते. शेजाऱ्यांच्या बेल बंद झाल्या. हेमचंद्रची बायको शैला लेकीला घेऊन माहेरी फर्दापूरला निघून गेली. पाटी असेपर्यंत मी येणार नाही म्हणाली.

"मुंडन केलं, पिंड दिले, सगळं केलं," हेमचंद्र म्हणाला. "आणि ते दुपारी जेवायला घरी. आईला बरं वाटतंय काका, हाच तर त्रास आहे."

मामा लगेच उठले. निदान या वेळी तरी त्यांनी उद्या म्हटलं नाही.

दुपारचीच वेळ होती. हेमचंद्र गेटबाहेर थांबला, आत आलाच नाही. मामांनी बेल न वाजवता पेचकस काढला आणि खालचा उजवा स्क्रू फिरवला. तो निघाला. तो खिशात टाकून दुसऱ्याला हात घातला तोच दार उघडलं.

भानुमतीबाई पाटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"पाच हेलपाटे घालायला लावलेत तुम्ही त्यांना. चार वेळा ते परत आले ते त्या नावाशिवाय, पाचव्यांदा आलेच नाहीत. आता कुठं घर सापडलंय. मी बाहेर काढू त्यांना?"

घरात पंखा फिरत होता. आणि मग... आतल्या खोलीतून...

"कोण आहे?"

मामांनी तो आवाज नऊ दिवस रोज ऐकला होता.

भानुमतीबाईंनी मागं वळून, कुठल्याही बाईनं नवऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "पाटीवाले आहेत."

वेताची खुर्ची करकरली.

"मग दारात काय उभं केलंय? आत बोलवा त्यांना."

भानुमतीबाई बाजूला झाल्या आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं.

मामा आत गेले नाहीत. पेचकस तिथंच टाकून ते गेटबाहेर कसे आले, लुना कशी चालू केली, त्यांना आठवत नाही. हेमचंद्र मागून हाका मारत राहिला. पुढच्याच महिन्यात त्यानं बजाजनगरला खोली केली, तेव्हा कुठं शैला परत आली. आईला न्यायला तो दोनदा गेला. त्या म्हणाल्या, आम्ही दोघं इथं ठीक आहोत.

गोष्ट एवढीच. त्याच्या पुढचं कुणाला माहीत नाही. मामा पुन्हा पुंडलिकनगरात गेले नाहीत, आणि मलाही जाऊ देत नाहीत.

पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी सदरा काढला तेव्हा खिशातून काहीतरी टणकन् खाली पडलं. तो स्क्रू. अजून तो त्यांच्या दुकानात, गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात आहे. फेकायचा धीर होत नाही, नेऊन लावायचा तर अजिबात नाही.

म्हणजे पाटी तेव्हापासून तीन स्क्रूंवर आहे. एकोणतीस वर्षं झाली. प्लॅस्टर जुनं झालं असेल, स्क्रू गंजले असतील. मी एकदा मामांना म्हटलं, पडली तर पडली, तुम्हाला काय त्याचं?

मामांनी गल्ल्याचा मागचा कप्पा ओढून बघितला.

"पडली तर त्यांना घर पुन्हा सापडायचं नाय," ते म्हणाले. "माझं दुकान मात्र त्यांना बरोबर सापडतं."

मे महिन्यात मामा आजही दुपारी एक वाजताच शटर ओढून घेतात.